मारुतीच्या गुडघ्यापर्यंत

येना, जर्मनी, ४ सप्टेंबर

संध्याकाळी नाशिकहून बाबांचा फोन आला. गोदावरीचं पाणी यंदा दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यालाही लागलं नाही म्हणे. आमच्याकडे पूर असाच मोजतात, मारुतीच्या अंगावर. "धरणातच अडवलं गं सगळं. वाचलो!" मीही सवयीने म्हणाले, "बरं झालं, बाबा."

बरं कसलं? पाण्याबरोबर गाळही धरणात अडतो. वाटेत अशी किती धरणं! मग पार तिकडे आंध्रात, नदी समुद्राला मिळते तिथल्या गौतमी फाट्यापर्यंत गाळ पोचतच नाही, आणि समुद्र किनारा खात सुटतो. माझी पीएचडी यावरच. आज उपग्रहाच्या ताज्या फोटोवर किनाऱ्याची रेघ ओढली. गाईड खूश. "गेनाऊ! अगदी बरोबर! किती स्पष्ट दिसतंय!"

लक्ष्मीअम्माचं घर रेघेच्या पलीकडे, समुद्रात गेलंय.

फील्डवर्कला मी तिच्याकडेच राहिले होते. नवऱ्याची होडी फाट्यातून नारळ न्यायची. विहिरीचं पाणी तेव्हा गोड होतं. आता दोघं लेकीकडे राहायला गेलीत. दुपारी तिचा व्हॉइस मेसेज आला, मोडक्या हिंदीत. "मॅडम, तुम्हाला वरून दिसतं ना? आमचं घर आहे ना अजून?"

पुन्हा पुन्हा ऐकला. मी इथे बसून रेघा ओढते, तेवढंच. गाळ थोडाच पाठवता येतो? तो जायचा तर नाशिकला पूर यायला हवा. बाबांना काय सांगू, मारुतीला बुडू दे?