गंजाला लागलेली गाडी

३ जानेवारी, शनिवार
सासऱ्यांच्या वाढदिवसाला सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर साडू गॅलरीतून खाली वाकून म्हणाला की, साडूभाऊंच्या गाडीला गंज लागलेला नाही, गंजाला गाडी लागलेली आहे. सगळे हसले. मीही हसलो. मला राग आलेला नाही. कोण कोण हसलं ते फक्त लिहून ठेवलं आहे. सात जण. आमची ही सगळ्यांत आधी हसली.

ही गाडी सासऱ्यांनी वीस वर्षं जिवापाड जपून थोरल्या जावयाला दिली. म्हणजे मला. साडूला नाही. खरी पोटदुखी ती आहे. सासरे आजही बॉनेटवरून हात फिरवून म्हणाले, छान ठेवलीस हो. कदर असलेला माणूस त्या घरात एकच.

२२ला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. २३ला पट्टी काढून घरी आणायचं. आणणार मी, याच गाडीतून. गाडी चकाचक, आणि सगळं काम माझ्या हातचं. साडू हॉस्पिटलच्या पायरीवर उभा राहून बघेल. त्याचं तोंड मला आत्ताच दिसतंय.

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७
श्रीगणेशा. डाव्या दाराखाली रंगाला नखाएवढा फोड आलाय. किरकोळ. दुपारपर्यंत आटोपेल.

रविवार. संध्याकाळी ६
फोड स्क्रूड्रायव्हरने जरा टोकरला. आता तिथून मूठ आत जाते. भोक मी पाडलेलं नाही. ते होतंच, मी उघडकीला आणलं.

६ जानेवारी, मंगळवार
चौकातल्या डेंटिंगवाल्याकडे गेलो. सल्ला घ्यायला आलोय, काम द्यायला नाही, हे आधीच बजावलं. त्याने विचारलं, लांबी आहे का घरी? म्हटलं, सव्वातीन फूट, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो म्हणाला, तसं नाही, घट्ट आहे की पातळ झालीय? म्हटलं, लांबी पातळ कशी होईल, उद्या टेप आणून दाखवतो. त्याचे चारही कारागीर हातातलं काम टाकून बाहेर आले.

पत्र्याचे खड्डे भरायच्या लगद्याला हे लोक लांबी म्हणतात! मग रुंदी कशाला म्हणतात, हे विचारायचा मोह आवरला. डेंटिंगवाला यादीत. कारागीरही. एकूण बारा.

१० जानेवारी, शनिवार
ग्राइंडर मागून आणला आणि गंज घासला. ठिणग्या उडून सीटकव्हरला भोक. तळमजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरांनी खिडकी उघडून आवाजाबद्दल मला चार शब्द सुनावले. तेरा.

११ जानेवारी, रविवार
डेंटिंगवाल्याचं म्हणणं, आधी नवा पत्रा वेल्ड करून घ्या, मग लांबीत हार्डनर मिसळून भरा. धंदा वाढवायच्या गोष्टी, दुसरं काय. मी भोकात पेपर कोंबले आणि बाथरूम रंगवताना उरलेला लप्पम वरून फिरवला. दिसायला तस्साच. ही म्हणाली, अहो, तो भिंतीचा आहे. म्हटलं, भिंत पंधरा वर्षं उन्हापावसात उभी आहे. तर म्हणाली, भिंत खड्ड्यांतून जात नाही. ही यादीत आधीपासूनच आहे. नावाखाली रेघ मारली.

१४ जानेवारी, बुधवार
लप्पम वाळेना. हिचा हेअर ड्रायर लावला. हेअर ड्रायर जळला. हल्ली वस्तू टिकाऊ मिळत नाहीत. हिला अजून सांगितलेलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार
स्प्रे मारला. डब्याच्या झाकणावर करडा रंग होता, गाडीवर निळसर उमटला. पण फक्त उन्हात. गाडी सावलीत लावायची, संपलं. थोडा फवारा वाऱ्याने मास्तरांच्या स्कूटरवर गेला. मुद्दाम केलं नाही, पण यादीतलं एक नाव परस्पर निकालात निघालं. वर कोणीतरी बघतोय.

१९ जानेवारी, सोमवार
२३ला साडू हसलाच, तर काय बोलायचं याचा आरशासमोर सराव. चार उत्तरं तयार. पहिलं सौम्य: या साडूभाऊ, बसा मागे. चौथं इतकं जहाल आहे की इथे लिहिणंही बरं नव्हे.

२१ जानेवारी, बुधवार
गाडी धुतली. लप्पम मऊ पडला. इथलं पाणीच खराब. वरून चिकटपट्टी लावून पुन्हा स्प्रे मारला. दहा पावलांवरून काहीही कळत नाही. साडूला दहा पावलांच्या आत येऊ द्यायचं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार
ऑपरेशन उत्तम झालं. सासऱ्यांना न्यायचं काम साडूने केलं, कारण माझा रंग ओला होता. नेणं कोणीही नेतं. आणण्यात खरं महत्त्व. उद्या!

२३ जानेवारी, शुक्रवार
दहालाच हॉस्पिटलच्या दारात गाडी लावली. फाटकाजवळच्या स्पीडब्रेकरवर काहीतरी पडल्याचा आवाज आला होता. उतरून बघितलं नाही. साडू आपली गाडी मागे लावून उभा होता. गाडी कशाला आणली होती कोण जाणे.

सासरे काळा चष्मा लावून बाहेर आले. स्वारी भलतीच खूश. समोरच्या दुकानाची पाटी वाचली, तिच्या खालचा फोन नंबरही वाचला. मग माझ्या गाडीपाशी आले आणि चष्मा वर केला. लप्पम गळून पडला होता, चिकटपट्टी लोंबत होती. त्यांनी वाकून भोकातल्या पेपरावरची बातमी मोठ्याने वाचून दाखवली. मग पलीकडच्या दाराशी गेले, डिकीशी गेले, पूर्ण फेरी मारून परत आले. त्या बाजूंना तर मी हातही लावला नव्हता.

रागावले असते तर परवडलं असतं. हळूच म्हणाले, इतकी वर्षं मला वाटायचं, हे डाग माझ्या डोळ्यांत आहेत.

मी साडूकडे बघितलं. आता हसणार. चारही उत्तरं ओठांवर होती. तो हसला नाही. माझ्याकडे बघतही नव्हता. त्याने आपल्या गाडीचं पुढचं दार सासऱ्यांसाठी उघडलं, आणि मग मागचं दार माझ्यासाठी उघडून धरलं.

बसलो.