मोडून बघायचं काम

प्रिय धसमुसळे,

पाळण्याचं कुठवर आलं, असं तू फोनवर विचारलंस आणि बाबा नुसतं ‘चाललंय’ म्हणाले. त्यांच्या ‘चाललंय’ला काही अर्थ नसतो, म्हणून मीच सविस्तर लिहायला बसले. पाळणा कधीच तयार झालाय. पुढच्या खोलीत उभा आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आडवा येतो. अंथरुणावरच्या माणसाला कापडी झोळीत घ्यायचं, हँडल फिरवायचं, की एकटा माणूस त्याला अलगद उचलून खुर्चीत बसवतो. दिसायलाही देखणा आहे. फक्त अजून पास झालेला नाही, आणि पास झाल्याशिवाय त्यात जिवंत माणूस कसा घालायचा?

मध्यंतरी तंत्रशाळेने बाबांचा सत्कार केला. सातवीत शाळा सोडून विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात लागलेला मुलगा, जळक्या मोटारी उलगडून वीज शिकला, हे सगळं प्राचार्यांनी रंगवून सांगितलं. मग बोट अडकताच थांबणारं कपडे पिळायचं यंत्र, हमालांची जिना चढणारी गाडी, जी आता प्रत्येक गोदामात दिसते, त्यांचंही कौतुक झालं. बाबा उठले आणि म्हणाले, मी नुसता बनवतो, मोडायचं अवघड काम ही करते. लोक हसले, त्यांना थट्टा वाटली. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं, कारण ती थट्टा नव्हती.

हिच्या हाताला काही म्हणून टिकत नाही, असं तुझी आजी पहिल्या दिवसापासून म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते. पिळायचं यंत्र बाबांनी मोठ्या हौसेने माझ्या हातात दिलं. मी दोन चादरी एकदम कोंबल्या, हँडल उलटं फिरवलं आणि त्याच्या चाकांचे दात खळाखळा जमिनीवर. मला वाटलं, संपलं आता! बाबा गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होते आणि चेहरा असा, जसं काही बक्षीस लागलंय. मोडलं? झकास, म्हणाले. धोबीण काही यंत्राला गोंजारत बसणार नाही, तीही घाईतच असणार. तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. नवीन काही झालं की माझ्या ताब्यात द्यायचं आणि स्वतः अंगणात जाऊन बसायचं, एक शब्द बोलायचा नाही. ती जिन्याची गाडी मी इतक्यांदा वरून ढकलून दिली, की खालच्या मजल्यावरचे लोक बोलेनासे झाले. शेवटी ढकलूनही ती हलेना, तेव्हा बाबा नाचले आणि मी रुसले. मग तू झालीस आणि माझ्याही वरताण निघालीस. शेजारणी आपली खेळणी लपवायच्या, बाबा मात्र तुझ्या पुढ्यात आणून ओतायचे.

पाळण्याच्या वेळी मात्र भलतंच झालं. बाबा अंगणात गेलेच नाहीत. मी झोळीत बसले, शेजारची नर्स हँडलवर होती आणि बाबा खाली दोन्ही हात पसरून उभे. मी नेहमीसारखा अंगाला एक हिसका दिला, तर म्हणाले, जपून. संसार झाला एवढा, पण हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वरून बघते तर घामाने निथळत होते. मग माझाही धीर झाला नाही. शहाण्या मुलीसारखी गप्प बसले, पाळणा मस्त चालला, नर्सने टाळ्या वाजवल्या. पण ही काय परीक्षा झाली? ते त्यांनाही कळतंय. ताटावरून उठतात आणि त्याच त्या बोल्टला पाना लावत बसतात. दुसऱ्या कुणाला हात म्हणून लावू देत नाहीत.

आता खरं सांगते, घाबरू नकोस. माझ्या पायांतली ताकद चालली आहे. आधी काठी आली, मग वॉकर, आणि वर्ष सरायच्या आत माझं उभं राहणंही बंद होईल, असं डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलंय. पाळणा माझ्यासाठी आहे. मला एकट्याने उचलणं बाबांना आता झेपणार नाही, आणि परक्या हातांनी उचललेलं मला आवडणार नाही, हे त्यांनी न विचारता ओळखलं. असा नवरा मिळालेल्या बाईने रडत बसू नये, म्हणून मी रडत नाही. तूही रडू नकोस. रजा काढ आणि ये, पण मला बघायला म्हणून येऊ नकोस, मोडायला ये. मी तपासणीच्या निमित्ताने बाबांना दिवसभर बाहेर नेते, घर तुझं. झोळीत वाळूची पोती भर, लोंबकळ, झोके घे, हँडल उलटं फिरव, माझा विचार मनात आणू नकोस. मोडला तर बाबा दुसरा बनवतील, तेवढा वेळ आहे माझ्याकडे. आणि तुझ्या हातूनही जो मोडला नाही, त्यात मी डोळे मिटून बसेन.

तुझीच, आणि तुझ्याइतकीच धसमुसळी,
आई