अबलखचा ताप

३ मार्च
संकल्प : आजपासून चिडायचं नाही. कॉलेज सोडलं ते चिडूनच, पण चूक प्राचार्यांची होती.
पागेत नोकरीला दोन महिने झाले. अबलख घोडा माझ्याकडे. आज पागेला कुलूप, ना घोडा आत ना बाहेर. हर्पिस व्हायरस आलाय. घोड्यांचा, माणसाला होत नाही. तीन घोडे तापाने मागच्या शेडमध्ये वेगळे ठेवलेत. बाकीच्यांचा ताप रोज दोनदा मोजून तक्त्यात लिहायचा. थर्मामीटर शेपटीखाली. एवढं शिकलेल्या माणसाचं हे काम नव्हे, तरी मागून घेतलं.
कारण तक्ता बघायला डॉक्टरांची असिस्टंट येते.

४ मार्च
म्हणाली, दादा, थर्मामीटर द्या. साठीच्या हेड मोतद्दारालाही ती दादाच म्हणते. म्हणजे शब्दाला काही अर्थ नाही.

७ मार्च
ठरलं. उद्या गुरुवार. सांगून टाकायचं.

८ मार्च
नाही सांगितलं. तिच्या हातात तीन घोड्यांच्या नाकातले स्वॅब होते. अशा वेळी बरं दिसत नाही.
डॉक्टर म्हणाले, तिघांचे ताप उतरले, उद्यापासून रोज यायला नको, तक्ता फोनवर पाठवा. मी चिडलो नाही. बादलीला लाथ मारली, ती वाटेत होती म्हणून.

९ मार्च, सकाळी ६.१०
अबलख १००.२. म्हणजे ठणठणीत. तक्त्यात १०२.८ लिहिलं. आकडाच तर आहे.
संध्याकाळी १०२.६ लिहिलं. एकदम सारखा बरा दिसत नाही.

१० मार्च
आली! स्वॅब घेताना मी अबलखची मान धरली. तिचा हात माझ्या हातापासून चार इंचांवर. तिने स्वतः ताप मोजला, १००.४. मी म्हणालो, आत्ताच उतरला असेल. तिने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, या तापाचा भरवसा नाही, मागच्या शेडमध्ये हलवा.
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.
हलवला. तिकडे सावली बरी आहे. शिवाय सोबत.

१२ मार्च
स्वॅब निगेटिव्ह. काही बिघडलं नाही, म्हणत होतोच.
हेड मोतद्दाराला विचारलं, अबलखला परत आणू? तो म्हणाला, कॉलेजात काय शेण खाल्लंस रे? ताप गेला तरी ते तिघे नाकातून पसरवतात. दोन दिवस त्यांच्यात राहिलाय हा. आता एकवीस दिवस तिथंच.
कोण त्याच्या तोंडी लागणार. संकल्प शाबूत.

१५ मार्च
अबलख १०३.४. थर्मामीटर बिघडलाय.
दुसरा आणला. तोही बिघडलाय.

१६ मार्च
ती आता रोज येणार. हवं होतं तसंच झालं. काही वाटलं नाही. झोप झाली नसेल.

१९ मार्च
ताप उतरला, पण मागचे पाय ओढतोय. शेपूट लुळी. खरारा करताना भिंतीला टेकून उभा राहिला. ती म्हणाली, दादा, व्हायरस मणक्यात उतरलाय. मी म्हणालो, होईल बरा.
संकल्प : उद्या तिला सगळं खरं सांगायचं.

२० मार्च
नाही सांगितलं. अबलख पहाटे बसला तो उठला नाही. आठ जणांनी पट्टे लावून उचलला. पाय धरेनात. साडेचारला शेवटचं इंजेक्शन. मान मीच धरली होती, त्याला माझ्या हाताची सवय.
नंतर चहा आला. प्यायलो.

२१ मार्च
सकाळी सहाला सवयीने थर्मामीटर झटकून अबलखच्या रिकाम्या ठाणावर उभा होतो. किती वेळ, माहीत नाही.
दुपारी ती तक्ता न्यायला आली. नऊ तारखेवर बोट ठेवून म्हणाली, ताप, मग स्वॅब निगेटिव्ह, आणि हलवल्यावर पाचव्या दिवशी परत ताप. हे जुळत नाही. खरा किती होता?
मी म्हणालो, शंभर पॉइंट दोन.
तिने माझा आकडा खोडला नाही. शेजारी तो खरा लिहिला. तक्त्याची घडी घातली.
जाताना हेड मोतद्दाराला म्हणाली, येते दादा.
मला काहीच म्हणाली नाही.