ब्राँझच्या पुतळ्यासाठी माझं एक मत

१८ नोव्हेंबर, सोमवार

अखेर देशाने दखल घेतली.

पेट्रोल पंपावर नेहमीचा मोठा कोक घेतला. कपावर त्या ट्रॉफीचं चित्र, तोच एक हात पुढे काढून पळणारा ब्राँझचा गडी, आणि खाली काळा-पांढरा चौकोन. फोनने टिपला तर लगेच निरोप आला: ‘अभिनंदन! यंदाचा सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटू कोण, हे ठरवण्यात तुमचंही मत आहे!’

स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिलो. एवढ्या कपांच्या चळतीतून नेमका तोच कप माझ्या हाती यावा, हा योगायोग नव्हे. गावच्या रेडिओवर बत्तीस वर्षं दर शुक्रवारी शाळांचे स्कोअर वाचले. कुणीतरी ऐकत होतं तर!

मतदार म्हणजे सगळे मोठे पत्रकार आणि जुने विजेते. ट्रॉफी जाहीर होईपर्यंत आपलं मत कुणाला, याबद्दल त्यांना तोंड उघडायची बंदी असते. संकल्प: तोंडाला कुलूप. आर्लीनलासुद्धा सांगायचं नाही.

संध्याकाळी: आर्लीनला सांगितलं. बायको म्हणजे काही बाहेरचं माणूस नव्हे. ती ‘बरं’ म्हणाली आणि कप धुवायला घेतला. वेळेवर हिसकावला म्हणून वाचला. आता काचेच्या कपाटात आहे, रेडिओने निरोपाला दिलेल्या मगच्या शेजारी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

गावभर झालं! आर्लीनच्या तोंडात तीळ भिजत नाही.

दुकानात कुत्र्याचं खाणं घ्यायला गेलो तर गेलन भेटला. गेलन म्हणजे माझा मेहुणा, आर्लीनचा धाकटा भाऊ. ट्रक चालवतो आणि फुटबॉलमधलं सगळं आपल्यालाच कळतं असं समजतो. भर दुकानात विचारतो, मत दिलंस का? मी म्हटलं, या विषयावर मला काही बोलता येणार नाही. तर म्हणे, देऊन टाक की, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं! जळतोय बिचारा. मी मनावर घेतलं नाही. फक्त घरी येताना त्याच्या ट्रकला नेहमीचा सलामीचा हॉर्न दिला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी ट्वायलाच्या कॅफेत. चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि सोबत दालचिनीचा गोड सिनॅमन रोल. आज रोल दोन! समजायचं ते समजलो. ट्वायला श्रोडरचा मुलगा कोल्बी आमच्या स्टेटकडून, म्हणजे राज्याच्या विद्यापीठाकडून, सेंटर खेळतो. सेंटर म्हणजे वाकून दोन पायांमधून बॉल मागे देणारा आणि मग समोरून येणाऱ्या रेड्यांना छातीवर घेणारा. चार वर्षं टीव्हीवर आम्ही त्याची पाठ आणि पाठीच्या खालचा भाग तेवढा पाहिला आहे.

असल्या गड्याला ट्रॉफी कुणी देत नाही. ट्रॉफी मिळते बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, फार तर पळणाऱ्याला. पण आईचं काळीज. दोन रोल देऊन मतदाराला गळाला लावायला बघते. शेजारच्या टेबलांवरही ती दोन-दोन रोल ठेवत होती. संशय येऊ नये म्हणून असणार. हुशार बाई.

मी दोन्ही खाल्ले. माझ्या निष्पक्षतेवर त्याचा काही परिणाम झालेला नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज निरीक्षणाचा दिवस. स्टेटची मॅच पाहताना बॉलकडे बघायचंच नाही, फक्त कोल्बीकडे बघायचं, असा नियम केला. पहिल्या सत्रात कडक पाळला. दुसऱ्या सत्रात डोळा लागला. उठलो तेव्हा आपण जिंकलेलो होतो.

निष्कर्ष: सेंटरमध्ये सातत्य आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

जेवताना वाद पेटला. मी सुरुवात केली नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की एक जाणकार म्हणून पाहिलं, तर दक्षिणेकडचा तो क्वार्टरबॅक लँडन प्रिडी, दिसायला राजबिंडा, बॉल फेकतो तर आकाशातून टपाल आल्यासारखा, त्याच्या पुढे बाकीचे पाणीच भरतील. गेलनने काटा खाली ठेवला. म्हणाला, अरे, त्या प्रिडीला पाच सेकंद उभं कोण ठेवतं? त्याच्यापुढचा सेंटर उताणा पडला, तर तुझा राजबिंडा गवतात तोंड घालून पडेल. आणि प्रत्येक खेळीत बॉल पहिल्यांदा कुणाच्या हातात असतो? सेंटरच्या.

हा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. उत्तर म्हणून मी ताटात मैदान मांडलं. कुस्करलेला बटाटा म्हणजे बचाव, टर्कीची तंगडी म्हणजे कोल्बी, ग्रेव्हीचं भांडं म्हणजे प्रिडी. प्रिडी मागे सरकला आणि सांडला तो थेट आर्लीनच्या आईच्या टेबलक्लॉथवर.

वाद तिथेच संपला. माझा मुद्दा सिद्ध व्हायचा थोडक्यात राहिला. झोप सोफ्यावर, पायाशी वॉल्टर. कुत्रा आहे, पण समजून घेतो.

२ डिसेंबर, सोमवार

आज ट्वायलाने टेबल पुसता पुसता विचारलं. बाकी सगळे जेवून गेलेले होते. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

“डेल्मर, पोराचं हे शेवटचं वर्ष. जिंकले की फोटो दुसऱ्यांचे येतात आणि हरले की शिव्या याला. मी काही ट्रॉफी मागत नाही हो. कुठेतरी एकदा त्याचं नाव यावं एवढंच. तुम्ही मत टाकाल ना?”

मी म्हटलं, “ट्वायला, माझं मत कोल्बीला. शब्द दिला.”

ती माझा हात धरून म्हणाली, सगळ्यांनाच सांगतेय, पण तुमचं मत वेगळं. अर्थात वेगळं! देशात आहेतच किती मतं अशी!

निघताना अख्खा सफरचंदाचा पाय, म्हणजे गोड सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळी, बांधून दिला. गुप्ततेचा भंग झाला खरा, पण आईपुढे कसली गुप्तता.

४ डिसेंबर, बुधवार

न्हाव्याकडे गेलो. टीव्हीवाले कधी येतील सांगता येत नाही. न्हावी मान धरून विचारतो, आजचं मत दिलं का? आजचं म्हणे! लोकांचा धीर सुटत चाललाय, रोज मागे लागतात. मी डोळे मिटून बसलो, न्यायाधीश बसतात तसा.

घरी वॉल्टरसमोर मुलाखतीची तालीम केली. ‘देशाने माझ्यावर टाकलेला विश्वास...’ इथे तो उठून गेला. वाक्य थोडं लहान करावं लागेल.

७ डिसेंबर, शनिवार

घात झाला. आज अंतिम सामन्यात प्रिडीने पाच टचडाउन फेकले. पाचवा तर एका पायावर उड्या मारत. स्टेट अंतिम सामन्यात नव्हतंच.

आता विचार करायला हवा. ट्रॉफी जाहीर झाल्यावर लोक मतं उघड करतात. उद्या सगळे मोठे पत्रकार आपापली नावं सांगणार आणि मग कुणीतरी विचारणार, हा कोण डेल्मर व्हॉस, सेंटरला मत देणारा? कुठल्या खेड्यातून उचलून आणला याला? बत्तीस वर्षांची अब्रू मातीत.

पण शब्द दिलाय. आणि सफरचंदाचा पाय तर संपलाच.

८ डिसेंबर, रविवार

सूट घातला. आर्लीनने विचारलं, कोण गेलं?

फोन समोर ठेवून तासभर बसलो. एकीकडे ट्वायला, दुसरीकडे इतिहास. शेवटी इतिहासाचं पारडं जड झालं. ‘लँडन प्रिडी’ लिहिलं आणि डोळे मिटून बोट दाबलं. लगेच निरोप: ‘धन्यवाद! उद्या पुन्हा मत द्यायला या!’

सभ्यपणाची पद्धत असणार. मी काही पुन्हा जाणारा नव्हे. मी एकदाच मत देतो आणि त्यावर ठाम राहतो. शब्दाचा माणूस आहे मी.

हे वाक्य आत्ता पुन्हा वाचलं. जरा बोचलं.

९ डिसेंबर, सोमवार

कॅफेकडे फिरकलो नाही. पंपावरच हॉटडॉग खाल्ला. तिथे एक गंमत दिसली, सगळ्याच कपांवर तो चौकोन आहे. कचऱ्याच्या पिंपातसुद्धा! बहुधा मूळ कप मतदारांना पोचल्यावर उरलेले शोभेसाठी छापले असावेत.

ट्वायलाने आर्लीनबरोबर पेकनचा, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांचा, पाय पाठवला. डेल्मरची तब्येत बरी नाही का, दिसला नाही, म्हणत होती म्हणे. पायाची चव लागली नाही. दुसऱ्या तुकड्याचीही नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

कॅफेत सगळं गाव ट्रॉफीचा कार्यक्रम बघायला जमलेलं. पाय दुखतो म्हणून घरी बसणार होतो, पण ट्वायलाने माझ्यासाठी टीव्हीसमोरची खुर्ची धरून ठेवली होती. सगळे फुटबॉलच्या गप्पांत, आणि प्रत्येकाच्या हातात तोच कप.

ट्रॉफी प्रिडीला मिळाली. मनात म्हटलं, चला, निदान जाणकार ठरलो. तेवढ्यात निवेदक म्हणाला की पत्रकार आणि जुन्या विजेत्यांच्या शेकडो मतांशिवाय आणखी एक मत असतं, देशभरच्या प्रेक्षकांचं. कपावरून रोज आलेली लाखो मतं एकत्र करून त्यांचं मिळून ते एक. आणि यंदा ते गेलंय स्टेटच्या सेंटरला, कोल्बी श्रोडरला.

छप्पर उडायचं राहिलं. गेलन रडत होता, ट्रकवाला माणूस! माझ्या कानशिलांतून गरम वाफा निघत होत्या. कपावरून. रोज. लाखो. सगळ्यांचं मिळून एक. मी मनात भागाकार करून पाहिला आणि मध्येच सोडून दिला.

ट्वायलाने कोल्बीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पोरगं हसत होतं, सगळ्यांचे आभार मानत होतं. मग म्हणालं:

“डेल्मरकाका आहेत का तिथे? काका, शाळेत असताना माझं नाव फक्त तुम्ही घ्यायचात. स्कोअर वाचून झाला की ‘आणि सेंटरला होता श्रोडर’. आई स्वयंपाकघरातून धावत यायची ऐकायला.”

खरं म्हणजे वेळ उरायचा म्हणून घ्यायचो. जाहिरात लागेपर्यंत काहीतरी बोलावं लागायचं.

ट्वायला सगळ्यांना सांगत होती की डेल्मरने तर पहिल्याच झटक्यात शब्द दिला होता. सफरचंदाच्या पायाचा पहिला तुकडा मला. मी खाल्ला. लाज वाटली, फार वाटली, तरी खाल्ला. मान वर करून कुणाकडे बघवेना.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी मतदान पुन्हा उघडून पाहिलं. बंद झालंय.

आर्लीन कॉफी घेऊन समोर बसली. ती म्हणे रोज न चुकता कोल्बीला मत देत होती. एका नावाने दिवसाला एकच देता येतं म्हणून तिने वॉल्टरचंही नाव घातलं होतं, ‘वॉल्टर व्हॉस’ म्हणून. त्याचंही रोज एक. मग तिने विचारलं, आणि तू?

मी म्हटलं, मतदान गुप्त असतं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. भाऊ ट्रकबद्दल थापा मारतो तेव्हा त्याच्याकडे बघते, तशी. मग उठून भांडी घासायला गेली.

दुपारी काचेच्या कपाटात पाहिलं तर रेडिओचा मग एकटाच. मागच्या दाराशी गेलो. माझा कप पायरीवर ठेवलेला होता आणि वॉल्टर त्यातलं पाणी पीत होता. मी कप तिथेच राहू दिला. त्याने कोल्बीला मत दिलंय.