चार वर्षांच्या सह्या

प्रिय पप्पा,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुम्ही मध्येच "बरं, बरं" म्हणता आणि माझं निम्मं पोटातच राहतं. हितेश कृपाला शाळेत सोडायला गेलाय, तो परत यायच्या आत लिहून पुरं करायचं ठरवलंय.

जानेवारीत तुम्ही पनवेलला आला होतात, तो रविवार आठवा. आमच्या चर्चमध्ये हितेशची मंडळीचा वडील म्हणून नेमणूक व्हायची होती आणि आमच्या पाळकसाहेबांनी तो विधी मुद्दाम तुमच्या हातून करून घेतला. तुम्ही नव्या चौघा वडिलांना पुढे उभं करून विचारलंत, ही सेवा संपूर्ण मनाने कराल का? चौघेही म्हणाले, "होय, देवाच्या साहाय्याने." मी पहिल्या बाकावरून फोटो काढत होते. खरं सांगू का, हा प्रश्न मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय, की त्याचं खरं उत्तर द्यायचं असतं हेच माझ्या कधी मनात आलं नव्हतं. पाळकाची मुलगी मी, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली. देव आपल्या घरात रोजचाच होता.

तुम्हाला नगरच्या एसटीत बसवून हितेश घरी आला तो बूटही न काढता सोफ्यावर बसला. मला वाटलं, ऊन लागलं. तर म्हणाला, "दीपू, मी आज देवापुढे खोटं बोललो. संपूर्ण मन कुठलं? आठवड्याचे सहा दिवस माझा हात खोटी सही करतो."

हे तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण धर्मराजकाकांनी ते वेगळं सांगितलं असणार. तळोज्याच्या कंपनीत हितेशकडे सांडपाण्याचं काम होतं. रसायनांचं पाणी साफ करायचं, तपासायचं, आकडा रजिस्टरमध्ये लिहून खाली सही करायची आणि मगच ते बाहेर सोडायचं. पण पाणी साफ न होताच सोडलं जायचं आणि आकडा तपासणीच्या आधीच लिहिलेला असायचा. काका तिथले मॅनेजर. तुमच्या शब्दाखातर त्यांनी हितेशला लावून घेतलं, हे मी विसरलेले नाही. पण पहिल्याच महिन्यात त्यांनी त्याला सांगितलं होतं, "तू फार डोकं चालवू नकोस, सही कर." त्याने चार वर्षं केली.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी त्याने रजिस्टरमध्ये खरा आकडा लिहिला. मंगळवारी काकांनी ते पान फाडलं. बुधवारी त्याने पुन्हा खरा आकडा लिहिला. पुढच्या आठवड्यात त्याला घरी बसायला सांगितलं. मी म्हटलं, "झालं ना मन हलकं? आता काकांची माफी माग आणि कामावर जा." जेवणाच्या टेबलावर बसून त्याने प्रदूषण मंडळाला पत्र लिहिलं. मला वाटलं, काकांवर आग पाखडली असेल. वाचलं तर त्याची सुरुवातच अशी, की मी खोट्या सह्या केल्या, ही माझी चूक आहे. काकांचं नाव तिसऱ्या पानावर होतं, जेवढं खरं तेवढंच. आधीची दोन पानं त्याची स्वतःचीच. माणूस स्वतःविरुद्ध इतकं व्यवस्थित, इतकं सुवाच्य लिहू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मी काय केलं? अकरा दिवस त्याच्याशी बोलले नाही. तुम्हाला फोन करून रडले ते त्याच दिवसांत.

बाराव्या दिवशी तो म्हणाला, "मंडळाला सांगितलं, पण ज्यांच्या खाडीत ते पाणी गेलं त्यांना कुठे सांगितलंय?" मी सोबत गेले. त्याला कोणी मारलं तर मध्ये पडायला, आणि खोटं कशाला बोलू, जमलं तर अर्ध्या वाटेतून परत आणायलासुद्धा. खाडीकाठच्या कोळीवाड्यात बायका सुकट वाळत घालत होत्या. त्यांच्यात गुणाबाई म्हणून साठीच्या एक होत्या, बाकीच्या त्यांच्याकडे बघूनच बोलत होत्या. हितेशने चपला काढल्या, का कोण जाणे, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गुणाबाईंचा हात थांबला. म्हणाल्या, "आमचे पोरांचे आंगाव फोड आले, जाल्यान मेलेली मासली येत व्हती, तवा तू कुठं व्हतास?" हितेश म्हणाला, "तळोज्यालाच होतो, बाय. सही करत होतो." मला वाटलं आता शिव्या पडतील. पण त्या म्हणाल्या, "आज बाप्ये नाय. खाडीन गेलेत. उद्या ये आन त्यांचे म्होरं बोल."

पप्पा, तो दुसऱ्या दिवशी गेला. मी रात्रभर नको नको म्हणत होते. वीस-पंचवीस पुरुष होते. तो बोलत असतानाच एकाने उठून त्याच्या कानाखाली मारली. चष्मा उडून वाळूत पडला. मी ओरडले. हितेशने वाकून चष्मा उचलला, शर्टाला पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, "अजून सांगायचं राहिलंय." मग कोणत्या नाल्यातून, किती वाजता, भरती असताना की ओहोटी असताना पाणी सोडलं जायचं, ते सगळं त्याने सांगितलं. कोणीतरी लिहून घ्यायला लागलं. मारणारा खाली बसला.

आम्ही निघताना गुणाबाई मागोमाग आल्या. "तुला कुनी धाडलं रं?" म्हणून विचारलं. हितेश म्हणाला, "कुणी नाही. देवाला शब्द दिला होता." त्या त्याच्या सुजलेल्या गालाकडे बघून म्हणाल्या, "तुझा देव लय कडक हाय." हितेश हसला. म्हणाला, "नाही बाय, तो कडक नाही. मीच फार उशीर केला." त्यांनी माफ केलं असं म्हणणार नाही मी. पण कोळीवाड्याच्या फाटकापर्यंत आल्या.

येताना स्कूटरवर मी मागे बसले होते. एरवी त्याच्या खांद्यावर हात असतो माझा. त्या दिवशी ठेवायचं धाडस होईना. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर मोडायला तुम्ही हात उचललेत की अख्खी मंडळी कशी गप्प व्हायची, लहान मुलंसुद्धा? तसं झालं होतं मला. टॉवेल पलंगावर टाकतो म्हणून ज्या माणसाला मी रोज बोलते, त्याच्या जवळ देव इतका आला होता आणि मी नुसती मागे बसले होते. घरी येऊन तो पोटभर जेवला आणि गाढ झोपला. चार वर्षांत मी त्याला असा झोपलेला पाहिला नव्हता.

आता ज्याच्यासाठी लिहितेय ते. येत्या रविवारी तुम्ही आणि धर्मराजकाका कागद घेऊन येणार आहात, "पत्र मानसिक ताणाखाली लिहिलं गेलं" असा. जेवण झाल्यावर मी त्याला सहीला बसवायचं, असं मी रडत फोन केला तेव्हाच आपलं ठरलंय. ही कल्पना माझी होती, तुम्ही लेकीच्या काळजीने हो म्हणालात. तो कागद आणू नका, पप्पा. मी आज सकाळी हितेशला सगळं सांगून टाकलं. आणि तुम्हाला कधीच न सांगितलेलं एक राहिलंय. त्या रजिस्टरचं मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. त्याने घरी येऊन सांगितलं होतं आणि सही कर असं मीही म्हटलं होतं. मंगळवारी मंडळाकडे चौकशी आहे. तिथे त्याच्यासोबत उभी राहून मीही हे सांगणार आहे. काय होईल माहीत नाही. भीती वाटते, पण घरी बसवत नाही. तुम्ही रविवारी एकटे या आणि दोन दिवस राहा. मंगळवारी साडेआठला आम्ही दोघं निघू. कृपाची शाळा बाराला सुटते. तिला आणायला जाल ना?

तुमचीच,
दीपू