दारातल्या झाडाची किंमत

३ मार्च, सकाळी ९
शहरातल्या झाडांची किंमत काढायचं काम साहेबांनी मला दिलं. सावली किती, धूळ किती अडवतात, हवा किती गार होते, सगळ्याचे आकडे. माझ्यासारखा माणूस त्यांना दुसरा मिळणार कुठून? संकल्प : रोज चाळीस झाडं. भांडण नाही.

४ मार्च
झाडं तीन. भांडणं दोन. शेजारच्या टायरवाल्याला आमच्या दारातलं झाड तोडून हवंय. दुकानाची पाटी झाकते म्हणे. त्याला झाडाचे फायदे शास्त्रशुद्ध समजावले. त्याने कानाखाली आवाज काढला. विषय भिडला असावा.

५ मार्च
डावा कान बंद. आई दिवसभर त्याच झाडाखाली असते. घरात पत्रा तापला की तिला धाप लागते. म्हणाली, बाकीची मोज नाहीतर मोजू नकोस, एवढं वाचव. म्हटलं, पेन माझ्या हातात आहे, तू निर्धास्त राहा.

९ मार्च
टायरवाल्याने भरदिवसा झाडावर कुऱ्हाड उगारली. खोड पोकळ आहे का ते ठोकून बघायचा माझा हातोडा असतो, त्याने मी त्याचा गुडघा फोडला. त्याने माझे दोन दात पाडले. तसे ते हलतच होते. विजय माझाच.

१४ मार्च
दारातल्या झाडाच्या सगळ्या फायद्यांची बेरीज किरकोळच भरली. मग फॉर्ममध्ये 'लाकूड' असा रकाना सापडला. त्यात दणकून आकडा टाकला. आता हे शहरातलं सगळ्यात महागडं झाड. याला हात लावायची कोणाची छाती आहे?

२ एप्रिल
साहेबांनी यादी बघून पाठ थोपटली. लाकडाचा आकडा पक्का ना, एवढंच विचारलं. मी सही ठोकली. आईला सांगितलं, झाड वाचलं. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

११ एप्रिल
सकाळीच सहा जण मशीनची करवत घेऊन दारात. ऑफिसच्या तिजोरीत खडखडाट, म्हणून झाडं लिलावात काढलीत. ज्याचं लाकूड महाग ते आधी. यादी माझी, सही माझी. आकडा खोटा आहे म्हणून ओरडलो. कोणी ऐकेना. मुकादमाची गचांडी धरली. त्याने मला उताणा पाडून छातीवर गुडघा रोवला. तिथूनच झाड पडताना बघितलं.

दुपारी ३
आईला धाप लागली. टायरवाल्याने लंगडत येऊन तिला धरून नेलं, दुकानात पंख्याखाली बसवलं, पाणी पाजलं. मी आणायला गेलो. आई म्हणाली, तू जा घरी, मी इथं बरी आहे.