पौषात धुतलेली वाकळ

दौंड,
सोमवार, दि. १० जानेवारी १९७७

चि. ज्ञानदेव यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शनिवार, दि. ८ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी तू शिरूरच्या एस.टी. स्टँडवर वडगाव रासाईच्या गाडीत चढलास आणि खिडकीशी बसलेल्या स्वतःच्या अकरा वर्षांच्या मुलीला पिशवीसकट खाली उतरवलंस. का, ते तिला सांगितलं नाहीस आणि पोहोचवायला आलेल्या मलाही नाही.

विशाखाला मी पाठवत होते. तिची मैत्रीण मंदा आणि मंदाची आई दगडाबाई तुमच्याच गल्लीतल्या. दगडाबाई दारात येऊन म्हणाल्या की गावी शेतावर हुरडा आहे, पोरीला एक रात्र मुक्कामाला पाठवा, रविवारी परत आणून सोडते. इतकं रीतसर आमंत्रण आमच्या शाळेच्या इन्स्पेक्टरलाही कुणी दिलं नव्हतं. तू ऑफिसात होतास, म्हणून मी हो म्हटलं. तुझ्या घरात मला हो म्हणायचा अधिकार नसेल तर तसं लिही, पुढच्या खेपेला धर्मशाळेत उतरेन.

मुलींनी बाहेर रात्र काढू नये असं तुझं मत असेल तर ऐक. मी सगळं शिक्षण पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात राहून केलं. ओळीनं खाटा, आणि शेजारची घोरते आहे की रडते आहे हे ऐकत मी मोठी झाले. मला कुणी पळवलं नाही. पळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी हात जोडून परत आणून सोडलं असतं.

कारण शनिवार, दि. १५ च्या आत लेखी कळव. तोंडी निरोप चालणार नाही. सिंधूस व विशाखेस आशीर्वाद. लोभ आहेच, राग उतरला की वाढेल.

तुझी,
अंजनाआत्या

शिरूर,
दि. १३ जानेवारी १९७७

ती. आत्याबाईंस,
सिंधूचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. ह्यांनी दोनदा वाचलं, मग एक आंतर्देशीय काढून त्यावर नुसता तुमचा पत्ता लिवला आन् खिशात ठेवलं. तवापासनं ते खिशातच हाय. म्हणून मीच लिहिते. चुकलं तर लाल शाई काढू नका.

कारण मलाबी ठाव न्हाई. पोरीची जात हाय, असं म्हणत्यात. पण कारेगावला माझ्या भावाकडं विशाखा सुट्टीभर ऱ्हाती, तवा काय न्हाई. मंदाचे वडील सर्जेराव वाईट हायेत का म्हणून इचारलं, तर म्हणाले माणूस सोन्यासारखा हाय. मग त्यांच्या विहिरीत वाघ हाय का, म्हटलं मी. तर चप्पल घालून बाहेर गेले.

एक सांगते. पोरीला घेऊन आले तवा त्यांनी मला एकच इचारलं, तिला अंथरूण-पांघरूण घरचं दिलं होतंस का. मी म्हटलं, पाव्हणीला कोण वाकळ देऊन धाडतं? तरी त्यांनी पिशवी उघडून बघितली. ह्याचा अर्थ मला लागत न्हाई. तुम्हाला लागला तर कळवा.

विशाखा आता मंदाशी बोलायचं टाळती, कारण काय सांगायचं तेच तिला ठाव न्हाई. आन् मंदाला वाटतंय, हिला आपलंच घर आवडत न्हाई. रागवा, पण येणं-जाणं तोडू नका.

आपली सून,
सिंधू

शिरूर,
दि. १५ जानेवारी १९७७

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मुदतीच्या दिवशी लिहितो आहे. पोस्टाचा शिक्का पाहून घ्यावा.

राहू गावात चौथीला असताना म्हाळू नावाचा माझा मित्र होता, बागायतदाराचा मुलगा. त्याचे वडील सुधारक विचारांचे. असाच पौष होता. त्यांनी मला मुक्कामाला ठेवून घेतलं. म्हाळूच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसवलं. त्याच्या आईनं न मागता तूप वाढलं आणि निजायला लाल काठाच्या लुगड्याची नवी वाकळ दिली. इतक्या मऊ अंथरुणात मी त्याआधी कधी निजलो नव्हतो. सकाळी घरी आलो. टोपी राहिली म्हणून ऊन चढल्यावर परत गेलो, तर ती वाकळ कुंपणावर होती. ओली. पाणी निथळत होतं.

आत्या, वाकळा दसऱ्याला धुतात. पौषाच्या थंडीत कोण धुतं? मी टोपी न घेताच फिरलो. म्हाळू शाळेत टोपी घेऊन आला, ती मी घेतली नाही. पुन्हा त्याच्याशी बोललो नाही.

दगडाबाईंच्या घरी विशाखाला कुणी वावगं बोलणार नाही, हे मला माहीत आहे. मलाही कुणी बोललं नव्हतं. पण गावाहून निघताना पोरीनं मागं वळून पाहिलं तर? हे तिला सांगता येत नाही, म्हणून पोरीची जात वगैरे बोलतो. मी खोटं बोलतो हे तिला कळतं. काय करावं ते सांगा. लोभ असू द्यावा, रागासह चालेल.

आपला,
ज्ञानदेव

दौंड,
दि. १८ जानेवारी १९७७

चि. ज्ञानदेव यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी चष्मा पुसला. मग राहूच्या त्या घराला अशा शिव्या दिल्या की आमच्या सिस्टरांनी ऐकल्या असत्या तर माझं तोंड साबणानं धुतलं असतं. मग चहा घेतला आणि एक गोष्ट आठवली.

तुझी आई गेली त्या उन्हाळ्यात तू माझ्याकडे दौंडला होतास. चौथी पास झालेला घोडा. रोज सकाळी तुझी सतरंजी माझ्या अंगणात तारेवर असे, आणि मी शेजारणीला सांगे की उशाचा तांब्या लवंडला. तुला आठवत नसेल. असल्या गोष्टी भिजवणारा विसरतो, वाळवणारा विसरत नाही.

तर ती वाकळ का धुतली? तू भिजवलीस म्हणून, की तू निजलास म्हणून? त्या काळचं राहू मी पाहिलं आहे. दुसरं कारण मुळीच खोडत नाही. पण पहिलंही खोडता येत नाही. इतकी वर्षं तू प्रश्नालाच उत्तर समजून बसलास. म्हाळूची आई आता नाही, नाहीतर मी आजच राहूची गाडी धरली असती. दगडाबाई मात्र आहेत. त्यांच्या नावचं पत्र सोबत आहे, तिकीट लावलेलं. पटलं तर पेटीत टाक, न पटलं तर चुलीत. पण विशाखाला खरं काय ते आधी सांग. तुमच्या घरात तेवढी एकच समजूतदार आहे.

माया आहे, हे वेगळं लिहायला लावू नकोस.

अंजनाआत्या

दौंड,
दि. १८ जानेवारी १९७७

सौ. दगडाबाई यांस,
सप्रेम जयभीम आणि नमस्कार. वि. वि.

त्या शनिवारी आमची मुलगी गाडीतून उतरवून नेली, ते तुम्ही मनाला लावून घेतलं असेल. तुमचं काही चुकलं नव्हतं. अजून तरी.

एक प्रश्न आडपडदा न ठेवता विचारते. विशाखा तुमच्या वडगावच्या घरी एक रात्र राहिली, तर तिनं पांघरलेली वाकळ दुसऱ्या दिवशी धुतली जाईल का? सासूबाईंनाही विचारा; तुमच्याकडे धुणं कुणाच्या हुकमानं निघतं ते मला ठाऊक नाही. उत्तर नाही असं असेल तर मुलगी येईल, आणि पुढच्या खेपेला मंदानं दौंडला माझ्याकडे मुक्काम करावा. वाकळा मीही दसऱ्यालाच धुते. पोरींनी दूध सांडलं, अंथरूण ओलं केलं, तर खुशाल धुवा. ते धुणं वेगळं, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही.

हे पत्र मंदाकडून मोठ्यानं वाचून घ्या. तिच्या तोंडून प्रश्न ऐकला म्हणजे उत्तर खरं येईल.

उत्तर गुरुवार, दि. २७ जानेवारीच्या आत, लेखी. आलं नाही तर वाकळ कुंपणावर पडली असं मी धरून चालेन. लोभाचं काय ते उत्तर पाहून ठरवू.

अंजना,
निवृत्त मुख्याध्यापिका

ता. क. दगडाबाई वहिनी, आत्यानं पाकिटाला तिकीट लावलं होतं, पण ते पोस्टात न टाकता मी स्वतः तुमच्या दारी घेऊन आलो आहे. विशाखाला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, की बाबा, टोपी घेऊन आला होता तेव्हा म्हाळूलाच का नाही विचारलंत? म्हणून या खेपेला विचारायला आलो आहे. उत्तर तुम्ही द्यावं, गुरुवारपर्यंत, लेखी. मग शनिवारी त्याच गाडीला तिची पिशवी घेऊन मी स्टँडवर येईन. पिशवीत पांघरूण नसेल.

ज्ञानदेव
शुक्रवार, दि. २१ जानेवारी